पहिल्या कॉफीबरोबरची गोळी

“घेऊन दाखव,” डॉक्टर म्हणाला आणि त्याने थायरॉइडची गोळी टेबलावर आपटली. “माझ्या डोळ्यांसमोर. रोज घरी घेतेस तशीच.”

वुबालेमने गोळी डाव्या तळव्यावर ठेवली. उजव्या हाताच्या बोटांनी समोर नसलेली वाटी काठाला धरून उचलली आणि तिच्यावर हलकी फुंकर मारली.

“फुंकर कशाला?”

“गरम असते म्हणून.”

“काय गरम असतं?”

“कॉफी. दुसरं काय? सकाळी उठल्याउठल्या कोणी नुसतं पाणी पितं होय?”

डॉक्टर खुर्चीत मागे टेकला. मग त्याने सांगितलं, की कॉफीबरोबर घेतली तर ही गोळी अंगी लागत नाही; पाण्याबरोबर घ्यायची आणि पुढे तासभर पोटात काही घालायचं नाही. “हे तुला सांगितलं होतं ना?”

“नाही.”

“सांगितलं असेल.”

“वर्षभर मला खोटारडी म्हणालात,” वुबालेम म्हणाली. तिचा आवाज आजारानं घोगरा झाला होता, पण दाराबाहेरच्या बाकापर्यंत पोचला. “नवऱ्याला बाजूला घेऊन सांगितलंत, बायको गोळ्या फेकते, पोर राहिलं तरी टिकायचं नाही. आणि मी गोळी कशाबरोबर गिळते हे विचारायला तुमची जीभ झडली होती?”

डॉक्टरने पेनाचं टोपण काढलं, परत लावलं. मग मिठाचं सुरू केलं: तुमच्या डोंगराच्या मातीतच खोट आहे, म्हणून गळ्याला गाठी येतात, मीठ पाकिटातलंच घेत जा. ती तोवर उठली होती.

डोंगर चढताना तिला दर वळणावर दम लागत होता आणि दम लागला की संताप वाढत होता. कसलं वर्ष गेलं होतं ते! अंगावर सूज, डोक्यावरचे केस विरळ, उन्हातसुद्धा जाड चादर गुंडाळून बसायचं. पीठ भिजवता भिजवता डोळा लागायचा. शेजारणी तिच्या नवऱ्याबद्दल म्हणायच्या, यिहुनला बायको नाही, उशी मिळाली. मस्केलच्या सणानंतर पोटातलं मूल गेलं तेव्हा कोणी रडलंसुद्धा नाही. उलट टोमणा, फेक म्हणावं आणखी गोळ्या! आमच्याकडे म्हण आहे, आधीच गळ्याला गाठ, त्यावर गालगुंड. तशी गत.

खरी गंमत तर वेगळीच. डॉक्टर रागावला की यिहुन घरी येऊन आईला सांगायचा, लक्ष ठेव. मग तिरिंगो, म्हणजे त्याची आई, रोज सकाळी पहिल्या उकळीची कॉफी ओतायची, गोळी सुनेच्या तोंडात स्वतःच्या हाताने घालायची आणि वाटी रिकामी होईपर्यंत समोरून हलायची नाही. डोस वाढला की म्हातारी कॉफीही घट्ट करायची. कडू औषध कडूबरोबरच खोल जातं, असा तिचा हिशेब.

घरी पोचली तर कॉफीच्या पाहुणचारासाठी अंगणात गवत पसरलेलं, धूप पेटवलेला आणि बाकावर पांढऱ्या चादरी पांघरलेले तीन म्हातारे. हे आज येणार हे तिला ठाऊक होतं. वुबालेमला बापाकडे परत धाडायचं की नाही, हे ठरवायला यिहुनने बोलावलेले पंच.

“आलीस?” तिरिंगोने कॉफीच्या हिरव्या बियांचा तवा पुढे सरकवला. “बस, भाज. पाहुणे खोळंबलेत.”

घ्या! जिला हाकलायचं, तिच्याच हातची कॉफी पिऊन हाकलायचं. वुबालेम उभीच राहिली.

“मी नाही भाजणार.”

“बघा,” यिहुन पंचांकडे वळला. “बघितलंत? हे असं चालतं.”

मग ती बोलली. गोळी, कॉफी, पाणी, एक तास, सगळं. मधे दोनदा दम घ्यायला थांबली, पण एक शब्द गाळला नाही.

गाशे मेकुरिया, पंचांतले सगळ्यात थोरले म्हणून मानाने ‘गाशे’, मोठ्याने हसले. “कॉफीने औषध मरतं? पोरी, उद्या म्हणशील भाकरीने भूक लागते.”

“खाली जाऊन डॉक्टरला विचारा, गाशे. पाय धड आहेत तुमचे.”

हसू थांबलं. तिरिंगोने तवा निखाऱ्यांवरून उतरवला.

“मस्केलच्या वेळी,” ती हळूच म्हणाली, “तुला दिवस गेले होते, तेव्हा मी तुला दोन वाट्या पाजायची. गोळी चांगली लागावी म्हणून.” तिने सुनेकडे पाहिलं. “त्यानेच गेलं का गं?”

वुबालेमला खरंच ठाऊक नव्हतं. सासूला ‘तसं नसेल, एत्ये’ एवढं म्हणता आलं असतं. ती म्हणाली नाही.

“आई!” यिहुन ताडकन उठला. “तू माझं लेकरू...”

“तिच्यावर ओरडू नकोस!” वुबालेम कडाडली. एवढा आवाज आपल्यात शिल्लक होता हे तिचं तिलाच नवल वाटलं. “चुकीचं का होईना, पण तिने रोज उठून दिली. तू काय केलंस? एकदा तरी विचारलंस, वुबालेम, खरंच घेतेस का गं? मी तुला ओरडून सांगत होते, घेते म्हणून. मूल गेलं त्या दिवशी तू माझ्या उशीखाली गोळ्या शोधत होतास.”

गाशे मेकुरियांनी काठी चाचपली आणि खाकरले.

“मग आता प्रश्नच मिटला,” ते म्हणाले. “गैरसमज होता. सून घरातच राहील. आम्ही निघतो.”

“बसा, गाशे.”

“अगं, तुझ्याच बाजूने झालं ना सगळं?”

“त्याचं गाऱ्हाणं मिटलं. माझं अजून ऐकायचंय. या घरात राहायचं की नाही, ते आता मी सांगणार.”

तिघे म्हातारे एकमेकांकडे बघत पुन्हा टेकले. आमच्याकडे पंचांसमोर दोन बाजू असतात, आणि ज्याच्या बाजूचे त्याच्या शेजारी बसतात. यिहुनच्या शेजारी त्याच्या आईची लाकडी तिवई होती. वुबालेमच्या बाजूला गवतावर कोणीच नव्हतं.

तिरिंगो गुडघ्यावर हात टेकून उठली. तिने तिवई उचलली, अंगण ओलांडलं आणि सुनेच्या अंगाला लावून ठेवली.

वुबालेमने तिच्याकडे पाहिलं नाही. सरकून जागाही दिली नाही. म्हातारी जेवढी जागा होती तेवढ्यात बसली.

“बोल,” ती म्हणाली.