मास्तरांच्या चारशे ऐंशी रेघा

आमच्या मास्तरांना रुंद रस्त्याचं भारी वेड. मास्तर म्हणजे माझा नवरा. शाळेतला नव्हे, गाडी शिकवणारा. टपावर लाल पाटी लावलेली एक जुनी गाडी, आणि शेजारी बसून दिवसभर "ब्रेक, ब्रेक, अहो ब्रेक!" असं ओरडायचं, हा आमचा धंदा. घरापुढचा रस्ता अरुंद म्हणून शिकणारे त्यावर यायला घाबरतात, असं त्यांचं ठाम मत. अकरा वर्षांत रस्ता रुंद करा म्हणून त्यांनी अकरा अर्ज केले. लग्नाचा वाढदिवस एकदाही लक्षात राहिला नाही, पण अर्जाची तारीख कधी चुकली नाही.

मी शिवणकाम करते. घराची पुढची खोली म्हणजे माझं दुकान. खिडकीशी मशीन, मागे कापायचं टेबल, आणि भिंतीला एक आरसा. त्यात बघून गिऱ्हाईक विचारतं, "मी जाड झाले, की तुम्हीच घट्ट शिवलंत?" सव्वीस वर्षं मी याच खोलीत पाय मारतेय. दाराबाहेर पत्र्याची शेड आणि शेडबाहेर रस्ता.

अकराव्या अर्जाला एकदाचं उत्तर आलं. रस्त्यावरच्या गाड्यांची तीन दिवस मोजणी होणार. दिवसाला सरासरी दहा हजार गाड्या भरल्या तर रस्ता चौपदरी, नाही भरल्या तर आहे तोच दुरुस्त करून कडेला फूटपाथ. मास्तरांनी ते पत्र इतक्यांदा वाचलं की घडीवर फाटलं.

मोजायला आले ते एक निवृत्त कारकून. सावली काय ती माझ्या शेडखाली, म्हणून त्यांनी खुर्ची तिथेच मांडली. रात्रपाळीला दुसरं कोणी असायचं, पण दिवसाचा कारभार यांचा. गाडी गेली की कागदावर उभी रेघ, चार झाल्या की पाचवी आडवी. "कोणाची गाडी, कुठे चालली, हे आपण बघायचं नाही," ते मला म्हणाले. "गेली की रेघ. नियम म्हणजे नियम!"

आता गंमत ऐका. मास्तर एरवी शिकवतात मंडईमागच्या मैदानात. ते मैदान नेमकं त्याच आठवड्यात पाण्याच्या पाइपांसाठी खणून ठेवलेलं. मग काय, सगळी शिकाऊ मंडळी रस्त्यावर. या चौकातून त्या चौकात आणि तिथून परत, सकाळपासून दिवे लागेपर्यंत. जाताना रेघ, येताना रेघ. एक बाई तर इतक्या सावकाश गेल्या की तेवढ्यात मोजणीवाल्यांनी पेन्सिलीला टोक करून घेतलं.

दुपारी ते डबा खायला आत बसले की पेन्सिल माझ्या हाती यायची. मीही इमानेइतबारे रेघा ओढल्या. मास्तर गेले, रेघ. मास्तर आले, रेघ. एकदा त्यांनी गाडीतून हात केला, मीही हात केला, आणि वर रेघ ओढली. मला वेडीला हसू येत होतं.

सरासरी निघाली दहा हजार एकशे बारा. मास्तरांनी अख्ख्या गल्लीला चहा पाजला. तो उकळला कोणी, ते विचारू नका.

चार महिन्यांनी इंजिनियर बाई नकाशा घेऊन आल्या. चांगल्या होत्या बिचाऱ्या, चपला बाहेर काढून आल्या. माझ्या कापायच्या टेबलावर त्यांनी नकाशा पसरला आणि लाल रेघेवर बोट ठेवलं. समोरच्या अंगाला पाण्याची मोठी टाकी, ती हलत नाही. म्हणून सगळी रुंदी आमच्याच अंगाने.

"माझं मशीन रेघेच्या अलीकडे येतं की पलीकडे?" मी विचारलं.

बाईंनी पट्टी लावली, मग चष्मा लावला. "मशीन... दुसऱ्या पदरात येतं," त्या म्हणाल्या. "मागचं घर राहील. ही खोली जाईल. भरपाई मिळेल हो."

भरपाईला काय खिडकी असते? मास्तर दारात उभे होते. अकरा अर्जांचा माणूस, नुसता दाराची कडी चाळवत होता. बाई गेल्यावर मी म्हणाले, "घ्या, झाला रस्ता रुंद! कुऱ्हाडीचा दांडा गोतास काळ!" ते गाडी पुसायला गेले. ती सकाळीच पुसून झाली होती.

दुसऱ्या दिवशी त्यांचा शर्ट धुवायला घेताना खिशात डायरी सापडली. कोणाच्या किती फेऱ्या झाल्या, ते मास्तर रोज लिहितात. मोजणीचे तीन दिवस मिळून दोनशे चाळीस फेऱ्या. माझ्या दारावरून प्रत्येक फेरीला दोनदा, म्हणजे चारशे ऐंशी रेघा, दिवसाला एकशे साठ. दहा हजार एकशे बारातून एकशे साठ गेले. मी तीनदा वजाबाकी केली. नऊ हजार नऊशे बावन्न.

म्हणजे माझं दुकान आमच्याच गाडीने पाडलं, आणि त्यातल्या कितीतरी रेघा माझ्या हातच्या!

आठवड्याने जनसुनावणी होती. तिथे हे सांगितलं असतं तर दुकान वाचलं असतं. पण रस्ता रुंद व्हावा म्हणून गावात समिती निघालेली, आणि मास्तर तिचे अध्यक्ष. गाव हसून हसून लोळलं असतं. मी तोंडाची फटकळ खरी, घरात त्यांना दिवसातून दहा वेळा सोलते, पण चारचौघांत नवऱ्याची शोभा करणं मला जमेना. डायरी मुकाट्याने खिशात परत ठेवली.

सुनावणीला सभागृह भरलेलं. टेबलामागे अधिकारी, शेजारी इंजिनियर बाई. प्रत्येकाचं ऐकून अधिकारी म्हणायचे, "नोंद घेतली." कोणी गटार म्हणालं, नोंद घेतली. कोणी कुत्री म्हणालं, त्याचीही घेतली. माझा नंबर आला. काय काय पाठ केलं होतं, पण माइक हातात आला आणि एवढंच बोलले, "साहेब, सव्वीस वर्षं झाली. त्या खिडकीतला उजेड मला दुसरीकडे कुठे मिळायचा?"

"नोंद घेतली."

मी खाली बसले आणि मास्तर उठले. समितीवाल्यांनी टाळ्या वाजवल्या. मास्तरांनी खिशातून डायरी काढली.

"मोजणीत माझी गाडी चारशे ऐंशी वेळा धरली आहे," ते म्हणाले. "मैदान बंद होतं म्हणून मी तीन दिवस तिथेच घिरट्या घालत होतो. एरवी मी त्या रस्त्यावर शिकवत नाही. हा हिशेब, ही नावं."

क्षणभर कोणाला कळेना. मग मागून एक हसला, आणि मग सगळं सभागृह. "मास्तर, रस्ता नको झाला का?" कोणीतरी ओरडलं.

मास्तरांचे कान लालबुंद झाले होते. "रस्ता मला हवाच आहे," ते म्हणाले. "पण माझ्या घिरट्यांवर हिची खोली पाडायची असेल तर नको."

मी मान वर केली नाही. डोळे भरले होते, आणि ते त्यांना दाखवले असते तर जन्मभर ऐकून घ्यावं लागलं असतं.

अधिकाऱ्यांनी बाईंकडे बघितलं, बाईंनी नियमांचं पुस्तक चाळलं. रोजच्यापेक्षा वेगळी रहदारी असेल तर ते दिवस धरायचे नसतात. फेरमोजणीचा आदेश निघाला.

पुन्हा तेच कारकून, तीच खुर्ची, तीच शेड. मास्तरांनी तिन्ही दिवस गाडी कुलपात ठेवली आणि माझ्या पायरीवर बसून राहिले. या खेपेला पेन्सिल दुसऱ्या कोणाला द्यायची नाही, अशी वरून सक्त ताकीद होती. पण तिसऱ्या दुपारी कारकून खुर्चीत चुळबुळायला लागले. त्यांना साखरेचा त्रास. "वहिनी, नियम म्हणजे नियम," ते म्हणाले, "पण दोनच मिनिटं..." आणि पेन्सिल माझ्या हातात देऊन मागे पळाले.

एक दुचाकी गेली. रेघ. एक गाडी गेली. रेघ. मग एक ट्रक आला, धूळ उडवत गेला. माझा हात उचलेना. कारकून आत, रस्ता रिकामा, बघायला कोणी नाही. फक्त मास्तर. ते माझ्याकडे बघत होते, पण "ओढ"ही म्हणाले नाहीत आणि "नको"ही. ब्रेक, ब्रेक म्हणून जन्मभर ओरडणारा माणूस त्या घडीला अगदी गप्प बसला.

"बघताय काय?" मी त्यांच्यावर खेकसले, आणि रेघ ओढली.

पंधरा दिवसांनी कागद आला. तो त्यांनी माझ्या मशीनवर ठेवला आणि वाचून दाखवायला चष्मा शोधत खिसे चाचपायला लागले. म्हणून मीच वाचलं.

नऊ हजार नऊशे त्र्याऐंशी. तो ट्रक धरून.