काठाशी थांबलेला चेंडू

"आजी, आईला कुणी जन्मच दिला नाही का गं?"

चार वर्षांच्या दाओनने हे विचारलं आणि चमचा तसाच हवेत धरून ती आजीकडे बघत राहिली. तिच्यापुढे शेवाळाच्या साराचा वाफाळता वाडगा होता. तिच्या आईपुढे, सोल्बीपुढे, भात होता, भाजलेला बांगडा होता, आंबवलेल्या कोबीची किमची होती. सार तेवढं नव्हतं.

"काहीतरीच काय विचारतेस?" आजी म्हणाली.

"तूच सांगितलंस ना? बाळ झालं की आईला हे सार देतात. म्हणून वाढदिवसाला सगळे हेच सार पितात. आज आईचा वाढदिवस आहे. मग तिला का नाही?"

दारात गोल्फची बॅग खांद्याला लावून उभे असलेले सोल्बीचे बाबा हसले. "अगं ए चिमुरडे, तुझ्या आईची आज स्पर्धा आहे. शेवाळ असतं बुळबुळीत. ते खाऊन गेलं की माणूस घसरतो. परीक्षेला जाणारी पोरं तरी खातात का?"

दाओनला ते पटलं नाही. आणि सोल्बीच्या लक्षात आलं, की आजीलाही आज ते पटलेलं नाही.

किजांगच्या या किनाऱ्यावर त्यांची शेती समुद्रात होती. पाण्यात दोर सोडायचे, त्यांवर शेवाळ वाढवायचं, थंडी सरता सरता ते काढून अंगणात वाळत घालायचं. सोल्बीचं बाळपण त्या खारट, काळ्याहिरव्या वासात गेलं. पण दहाव्या वर्षी ती पहिल्यांदा स्पर्धेत उतरली आणि तेव्हापासून वाढदिवसाचं सार बंद झालं. तिचा वाढदिवस यायचा नोव्हेंबरात आणि त्या सुमाराला कुठली ना कुठली स्पर्धा असायचीच. "ही एवढी संपू दे, मग पोटभर देईन हं," आई म्हणायची. ती संपायची तोवर पुढची उभी असायची. बाळंतपणात तेवढं आईने तीन आठवडे सकाळ-संध्याकाळ हेच सार पाजलं होतं. जणू राहून गेलेले सगळे वाढदिवस एकदम फेडत होती.

आज तर वर्षअखेरच्या पात्रता फेरीचा शेवटचा दिवस होता. पहिल्या वीस जणींना पुढच्या वर्षी व्यावसायिक स्पर्धांत खेळता येणार होतं. बाकीच्यांनी घरी जायचं. विशीतल्या मुली घरी जाऊन पुन्हा येतात. पस्तिशीतली बाई येत नाही. हे घरात कुणी बोललं नव्हतं, पण सगळ्यांना माहीत होतं.

आजी उठली. कपाटातून तिने दुसरा वाडगा काढला, पातेल्यातलं सार ढवळलं, तळाच्या तिसऱ्यांचे शिंपले वर घेतले आणि वाडगा काठोकाठ भरून सोल्बीपुढे ठेवला.

"सोल्बीच्या आई!" बाबांनी बॅग खाली टेकवली. "डोकं ठिकाणावर आहे का तुझं? आज? पंचवीस वर्षं पाळलंस आणि आज?"

"मीच जन्म दिलाय तिला," आजी म्हणाली.  "नातीला काय उत्तर देऊ मी?"

"संध्याकाळी दे की! संध्याकाळ काय पळून जाते?"

 आजीचा हात वाडग्याकडे परत निघाला, जणू आपण केलं त्याचीच तिला भीती वाटली. सोल्बीने त्याआधीच वाडगा दोन्ही हातांनी उचलला आणि तोंडाला लावला.

तिळाच्या तेलाचा वास, तिसऱ्यांचा गोडवा, आणि जिभेवरून अलगद निसटणारं ते मऊ शेवाळ. तिने शेवटचा थेंबसुद्धा ठेवला नाही.

"झालं," बाबा छताकडे बघत म्हणाले. "आता देवच बघून घेईल."

स्पर्धा यंदा गावामागच्या डोंगरावरच्या मैदानात होती. बाबांनी आयुष्यभर तिथलं गवत कापलं होतं. कुणीतरी टाकून दिलेली गोल्फची वाकडी काठी त्यांनी एकदा लेकीसाठी घरी आणली आणि गच्चीवर फाटकं मासेमारीचं जाळं बांधलं. सगळी सुरुवात तिथून. त्या जाळ्यापलीकडे समुद्र होता आणि दोरांवर तरंगणारे पांढरे गोळे. लहानगी सोल्बी समजायची, की ते आपणच मारलेले चेंडू आहेत, पाण्यात जाऊन मोठे झालेले.

आज धुकं एवढं होतं, की समुद्र दिसतच नव्हता. फक्त ते पांढरे गोळे मधूनच उमटत आणि विरत होते. सोल्बी चालत होती आणि पाय जमिनीला लागतायत असं तिला वाटत नव्हतं. पोटात सार ऊबदार होऊन बसलं होतं. चेंडू उडायचा, धुक्यात नाहीसा व्हायचा, आणि जवळ जावं तर हवा तिथे शांत पडलेला असायचा. अशी ती कधी खेळली नव्हती. एरवी प्रत्येक फटक्यामागे दात आवळलेले असत. आज आपण खेळतोय की आपल्याला कुणी झोपेत खेळवतंय, हेच तिला कळेना.

"बाबा, गुडघा दुखतोय का?" बॅग घेऊन मागून येणाऱ्या बाबांना तिने विचारलं.

"माझ्या गुडघ्याचं राहू दे. तू पुढे बघ." मग चार पावलं गेल्यावर ते पुटपुटले, "अजून घसरली नाहीस, नशीब माझं."

"तुम्हीच घसराल, वर बघून चालताय ते."

शेवटच्या, अठराव्या होलला बाबांनी गुणफलक पाहिला आणि बराच वेळ टोपी सारखी करत राहिले. "हा चेंडू एका फटक्यात घातलास तर विसांत," ते हळूच म्हणाले. "नाहीतर नाही."

भोक तिच्यापासून फार लांब नव्हतं. पण उतार होता, सरळ समुद्राकडे जाणारा. सकाळपासून त्या उतारावर पोरींचे चेंडू भोकाला चाटून खाली घसरत गेले होते. बाबांनी बसून गवत पाहिलं. "रेष सरळ आहे. घाबरू नकोस, जोर दे. गेला तर गेला पुढे."

सोल्बी चेंडूपाशी उभी राहिली आणि एकाएकी तिला आई दिसली. वाडग्याकडे परत निघालेला तिचा तो हात दिसला. चेंडू जर आता घसरून खाली गेला, तर आई जन्मभर तो वाडगा धरून बसेल. कुणी काही बोललं नाही तरी. प्रत्येक वाढदिवसाला.

तिने चेंडूला हलकेच ढकललं.

तो निघाला, रेषेवरून जराही न ढळता गेला, मंद होत होत भोकाच्या ओठापाशी आला. आणि थांबला. बोटभर अंतरावर.

एक फटका जास्त घेऊन तिने तो आत ढकलला. बाबांनी झेंडा परत रोवला. टोपी काढून मैदानाला वाकून नमस्कार केला. तिनेही केला.

ती दोघं गाडीने घरी निघाली. "हात आखडलास तू," बाबा म्हणाले. गवतावर आयुष्य काढलेल्या माणसापासून काय लपणार?

"हो."

बाबांनी काच खाली केली, वर केली. "तुझ्या आईला सांगू नकोस."

"नाही सांगत."

आई अंगणात बसली होती. सोल्बी आत आली तरी तिने मान वर केली नाही. सकाळचं पातेलं घासूनपुसून पालथं घातलेलं होतं. दाओन धावत आली. "आई, आजीनं सगळं सार ओतून दिलं! मला पण नाही ठेवलं!"

"घसरलीस ना?" आईने जमिनीकडे बघत विचारलं.

सोल्बी तिच्याशेजारी टेकली. "नाही गं आई. चेंडू घसरला नाही. अगदी काठाशी येऊन थांबला."

"थांबला?"

"थांबला. विचार बाबांना."

बाबा बुटांची नाडी सोडत होते. ते वर न बघता म्हणाले, "घसरायचं नावच घेतलं नाही. उतारावर थांबलेला चेंडू आज पहिल्यांदा पाहिला मी."

आईने मनगटाने डोळे पुसले. मग तिने लेकीकडे पाहिलं.

"भूक लागलीय," सोल्बी म्हणाली. "आता कसली घाई नाही मला. उद्या पण नाही."

आई उठली. खुंटीवरच्या वाळलेल्या शेवाळाची एक जुडी काढली, परातीत पाणी घेतलं आणि तिच्यातली एक कुरकुरीत काळी काडी त्यात सोडली. दाओन परातीवर वाकली. काडी आधी नुसती तरंगली, मग हळूहळू उलगडू लागली, हिरवी होत, रुंद होत, परात भरून.

"आई, तुझे हात बघ!" दाओन हसली.

शेवाळ चोळायला सोल्बीने दोन्ही हात पाण्यात घातले होते. उजवा उन्हाने रापलेला, तपकिरी. डावा, इतकी वर्षं खेळताना हातमोज्यात राहिलेला, पांढराफटक. त्याच्यावर ते हिरवं पान येऊन अलगद पसरलं. तिने तो बाहेर काढला नाही.