उजव्या खणातले डोळे

मित्रांनो, मी एक जुना डोळा आहे. दचकू नका. लोक मला काचेचा म्हणतात, पण दातांची कवळी ज्या प्लॅस्टिकची करतात त्याचाच मी झालो आहे. मी गोटीसारखा गोल नाही. शिंपल्यासारखा आहे, एका बाजूने पोकळ. मला पापणी नाही. त्यामुळे समोर येईल ते मला बघावेच लागते.

माझ्या कारागिराचा एक डोळा तरुणपणी अपघातात गेला, म्हणून तो या धंद्यात पडला. आरशासमोर बसून, आपल्या उरलेल्या डोळ्याकडे बघत त्याने माझे बुबुळ रंगवले. लाल रेशमाचे तंतू सोडवून पांढऱ्यावर बारीक शिरा बसवल्या. मग यंत्रावर घासून मला झळाळी दिली. प्रत्येक डोळा तो जोडीने करी. एक गिऱ्हाइकाला देई आणि दुसरा नमुना म्हणून खणात ठेवी, कारण डोळे हातातून निसटतात, नळाखाली वाहून जातात आणि माणसे रडवेली होऊन परत येतात. माझा जोड त्याच्या स्वतःच्या चेहऱ्यावर गेला आणि मी खणात राहिलो. जोडाला जे दिसे ते मलाही अंधुक दिसे. कसे, ते विचारू नका. मलाही ठाऊक नाही.

काय कौतुक व्हायचे माझ्या जोडाचे! खरा कोणता आणि खोटा कोणता, हे भल्याभल्यांना कळत नसे. कारागिराची बायको होती तोवर भांडताना मुद्दाम माझ्या जोडाकडेच बघून बोलायची, कारण तो बिचारा कधी वटारला जात नसे.

आमच्या टेबलाला दोन खण होते. डाव्यात इस्पितळाच्या कंत्राटी कामाचे नमुने असत, उजव्यात घरी येणाऱ्या गिऱ्हाइकांचे. इस्पितळ पैसे देण्याआधीच कर कापून घेई. घरचे गिऱ्हाईक मात्र सगळे पैसे हातावर ठेवी. इथेच माझा कारागीर फसला. "माझा कर कापला जातो की!" असे तो सगळ्यांना सांगे. डाव्या खणाचा कर कापला म्हणजे उजव्याचाही भागला, असे तो खरोखरच धरून चालला होता. त्यात लबाडी नव्हती. पण नोटीस आल्यावर ते कोण ऐकून घेणार? मागचा कर भरावा लागला, वर दंड भरावा लागला आणि त्यापायी झळाळीचे यंत्र विकावे लागले. मग तो हाताने घासू लागला. बोटे सोलवटली, कामे परत येऊ लागली आणि माणूस आतून खचला. तो गेला तेव्हा माझा जोडही त्याच्याबरोबर गेला. त्या दिवसापासून मला जोडाकडून एकच गोष्ट दिसू लागली. पांढरा, न हलणारा उजेड. दिवसरात्र. फार भीती वाटायची मला.

पुढे त्याच्या मुलीने काम हाती घेतले. इस्पितळाने कंत्राट तिला दिले, घरची गिऱ्हाइकेही परतली. तिने हप्त्यांवर नवे यंत्र घेतले. आणि मग कराचे विवरणपत्र भरायची वेळ आली.

एका दुपारी तिचा मामा आला होता. ती त्याला म्हणाली, "करसल्लागार बाई विचारतायत, घरच्या कामाचं काय करायचं?"

"काय करायचं म्हणजे? दाखवायचंच नाही. इस्पितळ कापतंय ना? उजव्या खणात कोण डोकावतंय!"

"बाबांचं तेच झालं, मामा."

"तुझ्या बाबाला लपवाछपवी जमायची नाही. तुझ्यामागे मी आहे ना!"

यंत्राचे हप्ते तिच्या डोळ्यांपुढे नाचत होते, हे मला कळत होते. पण पुन्हा नोटीस आली तर हेही यंत्र जाणार होते आणि यंत्राबरोबर बापाची कला. हातातला ताजा नमुना ठेवायला तिने उजवा खण उघडला आणि तिचा हात तिथेच थांबला.

एरवी आम्ही कसेही पडलेलो असायचो. आज सगळे तिच्याकडे तोंड करून होते. तपकिरी, घारे, एका लहान मुलीचा इवलासा काळा.

"हादऱ्यानं घरंगळले असतील," मामा हसून म्हणाला.

"हे घरंगळत नाहीत, मामा. वाटीसारखे असतात, ठेवले तिथेच बसतात."

मामा बघायला वाकला. मित्रांनो, शपथेवर सांगतो, मी स्वतःहून हललो नाही. पण तो वाकला तेव्हा आम्ही सगळे त्याच्याकडे बघत होतो.

"मला जरा काम आहे," असे पुटपुटत मामाने चहा अर्धा टाकून चप्पल गाठली.

तिने लगेच करसल्लागार बाईंना फोन लावला. बाईंचा आवाज खणापर्यंत येत होता.

"दोन वाटा आहेत. घरच्या प्रत्येक कामातून कराचा वाटा बाजूला ठेवा आणि हप्त्याहप्त्यानं स्वतः भरा. नाहीतर इस्पितळाला लिहून द्या, तुमच्या बिलातून जास्त कापा म्हणून. घरच्या कामाचा करही त्यातूनच जाईल."

"यातलं बरं कोणतं?"

"तुमच्या हातात पैसा टिकतो का?"

बऱ्याच दिवसांनी ती हसली. "छे हो! बाबांवर गेलेय. इस्पितळालाच कापू दे. हातात आलंच नाही तर उडणार कुठून?"

"चालेल. पण घरचं काम वाढलं की मला सांगायचं. नाहीतर कापलेलं कमी पडेल आणि पुन्हा दंड."

"सांगेन. दोन्ही खण दाखवून टाका."

मग तिने खणात डोकावून पाहिले. कोणी छताकडे बघत होता, कोणी लाकडाकडे. मी तेवढा अजून तिच्याकडेच बघत होतो. तिने माझा रंग ओळखला.

"बाबा, झालं सगळं," ती हलकेच म्हणाली. "आता मिटा."

आणि तिने मला कापसावर पालथे ठेवले.

मित्रांनो, तुमच्याही घरात कोणी दोन दोन कामे करत असेल. एका कामाचा कर कापला जातो म्हणून दुसरे काम तसेच सोडू नका, एवढे त्यांना सांगा. आपल्या हातात पैसा टिकतो की नाही, हे स्वतःला खरे खरे विचारा आणि मग वाट निवडा. आणि आमच्यासारख्यांना उघडे टाकून जाऊ नका. वर एखादे फडके तरी घाला. सतत बघत राहणे फार थकवणारे असते.

कापसात तोंड खुपसून मी पडून होतो. तो पांढरा उजेड तेवढा उरला होता. मग तोही वरून खाली हळूहळू मावळू लागला, आणि मला कळले. कुठेतरी माझ्या जोडावर कारागिराची पापणी उतरत होती.