ओढ्याचे दगड, माणसाचे दगड

या खंडावर माणसाचं पहिलं पाऊल आपल्या ओढ्याकाठी पडलं, असं सासरे आयुष्यभर सांगत आले होते. पुरावा म्हणजे तिथल्या खोल थरातून निघालेले, टवके उडवलेले दगड. जावई म्हणे, टवके माणसाने उडवले की पुरात आपटून उडाले, कोण सांगणार? जावई आता संग्रहालयाचा प्रमुख होता. नव्या दालनात सासऱ्यांचे दगड मांडायचे की खोक्यातच ठेवायचे, हे त्याच्या हातात होतं.

त्याने तोडगा काढला. खोक्यातले काही दगड आणि ओढ्यातून आज उचललेले काही, असे तो मिसळणार. सासऱ्यांनी ते वेगळे करून दाखवायचे. जमलं, तर दालन त्यांचं. खोक्यातल्या प्रत्येक दगडावर सासऱ्यांनी शाईने आकडा घातलेला होता. तो दिसू नये म्हणून सगळ्याच दगडांवर त्या जागी पांढरी चिठ्ठी डकवायची ठरली. हे काम मुलीने केलं. लहानपणी हेच दगड तिने वडिलांना धुऊन दिले होते.

टेबलाशी बसताना सासरे खुशीत होते. "जावई निवडताना चुकलो असेन," ते म्हणाले, "दगडात नाही चुकायचो."

मुलगी हसली नाही.

एकेक दगड खिडकीकडे धरून ते धारेवरून अंगठा फिरवत होते. काही त्यांनी आपले म्हणून उजवीकडे ठेवले. डावीकडच्या ढिगाबद्दल मात्र त्यांची जीभ सैल सुटली. हा नुसता गडगडत आलाय. या टवक्याला माणसाचा हात म्हणाल, तर प्रत्येक पूर कारागीर ठरेल. हे तर शेंबडं पोरही सांगेल. जावई मान डोलवत राहिला. इतकी वर्षं त्याने हेच लिहिलं होतं.

"झालं?" त्याने विचारलं. मग डावीकडचा एक दगड उचलून नखाने चिठ्ठी खरवडली. खाली सासऱ्यांच्या अक्षरात आकडा होता.

"मामा, ओढ्यावर कुणी गेलंच नव्हतं. सगळे तुमचेच आहेत."

सासऱ्यांनी मुलीकडे पाहिलं.

"मला वाटलं, तुम्ही ओळखाल बाबा," ती म्हणाली.

ते डावीकडचाच दुसरा दगड घेऊन चिठ्ठी खरवडू लागले. जावई खोटं बोलत असेल, एखादा तरी कोरा निघेल. आकडाच निघाला. त्यांनी तिसरा घेतला. डिंक चिवट होता. मुलगी उठली, आणि चिठ्ठ्या लवकर सुटाव्यात म्हणून वाडगाभर कोमट पाणी त्यांच्यापुढे ठेवून गेली.