हक्काचं लग्न

तुरीच्या दाण्याला पडलेलं भोक इतकं गोल, की वाटावं कुणी बारीक गिरमिट लावलंय... आतला भुंगेरा अजून बाहेर आलेला नव्हता, नुसतं डोकं भोकाशी आणून थांबला होता—येऊ की नको, असं. शिवकांताने दाणा चिमट्याने उचलून काचेवर ठेवला. ये बाबा, ये लवकर, तुझ्याकडे दिवसभर बघत बसायला कुणी मोकळं नाही इथे.

नांदेडच्या कॉलेजातली ही तिची खोली, खिडकीशी बरण्यांच्या दोन रांगा. एका रांगेत परक्या नर-माद्यांच्या जोड्या, दुसरीत पिढ्यान्पिढ्या भावाबहिणींच्याच. दुसऱ्या रांगेतले दाणे जास्त शाबूत राहतात. वरून अंडी चिकटलेली दिसतात, पण भोकं पडत नाहीत, आतून कुणी बाहेर येत नाही. ती मोजते, लिहिते, झाकण लावते.

आधीचं लातूरच्या लॅबमधलं काम वेगळं होतं. पोटातल्या बाळाभोवतीचं पाणी नळीत यायचं, त्यातल्या पेशी वाढवायच्या, गुणसूत्रं रंगवायची, जोड्या लावून मोजायची—आणि मग दाराबाहेर बाकावर ती माणसं. पदर चावणारी बाई, बस म्हटलं तरी उभाच राहणारा नवरा, आणि सासू, जिला एकच गोष्ट विचारायची असायची आणि नेमकी तीच सांगायला कायद्याने बंदी. मोजणं मला जमायचं. सांगणं कधीच जमलं नाही. वाईट सांगून झालं की बाई अशी बघायची, जणू मीच घातलंय ते तिच्या पोटात... म्हणून भुंगेरे. भुंगेऱ्याची आई काही विचारत नाही.

फोन वाजला. शिल्पा होती, भावाची, संगप्पाची मुलगी. निलंग्याला दिलेली, आणि तीही शिवकांताच्याच थोरल्या बहिणीच्या घरात, नागम्माच्या विरूपाक्षला.

"आत्या, पोटातल्या पाण्याचा रिपोट आला! सगळं नॉर्मल हाय म्हनं. लातूरच्या डॉक्टरीणबाई म्हन्ल्या, गुणसूत्रं बरोबर हायत."

"चांगलं झालं गं बाई. पहिल्या खेपेचं, शिवांशचं सांगितलंस ना त्यांना?"

"सांगितलं की. अंगात रक्त धरंना, म्हणून गेला."

"रक्त? मला तर ताप म्हणाले होते."

"ताप मागून आला. आदी पांढरा पडत चालला होता. रक्त चढवलं, तेवढ्यापुरतं बरं वाटायचं. थोरल्या आत्या म्हन्ल्या, बाहेर बोलायचं न्हाई."

शिवकांताने चिमटा खाली ठेवला. "लग्न नात्यातलं आहे का, विचारलं असेल."

"विचारलं. न्हाई म्हन्ले."

"नाही म्हणालीस?"

"आता गं बया! आत्याचा पोरगा काय नात्यातला असतोय व्हय? हक्काचा असतोय."

खरंच होतं की. आमच्याकडे नातं म्हणजे चुलत्याचं, एका आडनावाचं—तिथे लग्नाचं नाव काढलं तर जीभ हासडतील. मामाची मुलगी, आत्याचा मुलगा... ते नातं नव्हेच, तो हक्क. लातूरला असताना शिवकांता असा प्रश्न कधी विचारायचीच नाही. 'सासू तुझी आधी कोण लागत होती?' असं विचारायची. ह्या नव्या डॉक्टरीणबाई लांबच्या कुठल्या असाव्यात.

आणि गुणसूत्रं बरोबर असणारच. कपाटात लुगडी किती ते मोजून कुठलं फाटलंय ते कळतं का? रक्ताचा हा दोष आईकडे एक, बापाकडे एक असा असला तर दोघंही धडधाकट राहतात. पोराला दोन्हीकडून आला की मात्र... संगप्पाकडून शिल्पाला आला असेल, नागम्माकडून विरूपाक्षला. पण त्या दोघांना कुठून? आईकडून, नाहीतर अप्पांकडून. म्हणजे माझ्यातही असेल. आयुष्यभर लोकांची रक्तं बघितली, पाणी बघितलं, भुंगेरे चिरले, आणि स्वतःच्या रक्ताकडे एकदाही... बाकावरची माणसं म्हणजे दुसरी कुणीतरी, असंच धरून चालले होते मी.

"आत्या? मग आता भ्यायचं काम न्हाई ना?"

नाही म्हटलं की संपलं. निलंग्यात पेढे वाटतील. भ्यायचं आहे म्हटलं तर नागम्मा म्हणेल, चार बुकं शिकलीस म्हणून आईने मरताना जमवलेल्या लग्नाला खोट काढतेस होय! आणि ह्या पोरीच्या डोळ्याला डोळा लागणार नाही. पण दुसरा शिवांश झाला तर...

"शिल्पे, ऐक. एक तपासणी राहिलीय. तुझं रक्त आणि विरूपाक्षचं. माझंही देते मी. उद्याच लातूरला या." आणि मग तिने सगळं सांगून टाकलं, न थांबता, कारण थांबली असती तर जमलं नसतं. दोघांकडून मिळून आलेला दोष असेल. खात्री नाही, पण बहुतेक तेच. तसं निघालं तर बाळाचंही वेगळं बघावं लागेल, आणि वेळ कमी आहे.

पलीकडे कुकरची शिट्टी झाली.

"म्हंजे," शिल्पा हळूच म्हणाली, "शिवांश माझ्या दुधानं गेला न्हाई?"

"दुधाने?"

"सगळे तेच म्हन्तात. हिचं दूधच पाणी हाय, म्हणून लेकराला रक्त धरलं न्हाई. ह्या वेळेस अंगावर पाजू द्यायचं न्हाई, असं ठरलंय."

"कुणी ठरवलं? दुधाचा काडीचा संबंध नाही, शिल्पे. काडीचा नाही."

शिल्पा रडायला लागली. मोठ्याने, घरात कुणी ऐकेल याची फिकीर न करता. बाकावरचं रडणं शिवकांताला आवाजावरून ओळखता यायचं. हे त्यातलं नव्हतं, अगदी वेगळंही नव्हतं. बाळाचं काय, ते अजून कुणालाच ठाऊक नव्हतं. इतकी वर्षं मी बाळाचंच सांगत आले... तुझी चूक नाही, असं बाईलाही सांगायचं असतं, हे कधी सुचलंच नव्हतं. तिने फोन दुसऱ्या कानाला लावला.

"रड," ती म्हणाली, "मी आहे. मला काही घाई नाही."