ट्राउटच्या शेडमधला बोर्ड

"झोपला का गं परत तुझा बोर्ड?" फोन उचलताच लेरॉयने विचारले.

"तेच बघायचंय. शेडमध्ये जाऊन दिवे बघतोस का जरा?"

"थांब, बूट घालू दे. माझ्या वयाला बूट घालणं म्हणजे अर्ध्या दिवसाचं काम, पोरी."

व्हर्ना कांगास अठ्ठावन्न वर्षांची होती. आता जगात तिला 'पोरी' म्हणणारा हा एकच माणूस उरला होता. फोन कानाशी धरून ती वाट पाहत राहिली. खिडकीबाहेर सरोवरावरचा बर्फ कडेने काळा पडू लागला होता. फोनमधून दार करकरल्याचा आणि वाहत्या पाण्याचा आवाज आला. किनाऱ्याने वर गेले की लेरॉयचे मत्स्यबीज केंद्र लागे. तिथल्या टाक्यांमध्ये ट्राउटची बोटाच्या पेराएवढी पिल्ले वाढत. त्यांना पाणी देणाऱ्या पंपांचे नियंत्रण व्हर्नाच्या कंपनीच्या बोर्डांवर चाले. तसाच एक जुना, पंपांना न जोडलेला बोर्ड शेडच्या फळीवर ठेवलेला होता. डुलुथ शहरातल्या ऑफिसात बसून व्हर्ना त्याच्यावर चाचण्या चालवी.

"दोन्ही हिरवे," लेरॉय म्हणाला. "पेटलेत ते पेटलेत. डोळासुद्धा मिचकावत नाहीत."

"लाइन तुटली असती तर दुसरा लुकलुकला असता ना?"

"मागे वादळात लुकलुकत होता की. आज ठणठणीत आहे. बिघाड तुझ्याकडे असेल, माझ्याकडे नाही."

"तेच ऐकायचं होतं मला," व्हर्ना म्हणाली.

तिने फोन ठेवला, तोच पॅम डुफ्रेन कॉफीचा कप घेऊन दारात आली. पॅम गटाची प्रमुख होती. माणूस चांगली, पण शुक्रवारी तिचा आवाज एक पट्टी वर असे.

"व्हर्ना, सोमवारी आवृत्ती बाहेर जातेय. नव्या सगळ्या बोर्डांवर चाचण्या हिरव्या आहेत. तुझा तो म्हातारा बोर्ड तेवढा मधूनच लाल होतो. लाइन खराब असेल. यादीतून काढून टाकूया त्याला."

"लाइन चांगली आहे. आत्ताच विचारलं."

"मग बोर्ड खराब असेल."

"असेलही. पण पोर मरतंय, पॅम. का मरतंय ते कळल्याशिवाय काढू नकोस."

पॅमने कपातली कॉफी हलवली. "संध्याकाळपर्यंत थांबते. नंतर काढते हं, रागावू नकोस."

पोर मरतंय, या वाक्याने त्या ऑफिसात कोणी दचकत नसे. ते तिथले रोजचे बोलणे होते. चालू प्रोग्राम कधी कधी स्वतःचे दोन करतो. पहिल्याला आई म्हणायचे, दुसऱ्याला पोर. जन्मताना पोर आईची हुबेहूब नक्कल असते, आईच्या स्मृतीतले सगळे त्याच्याकडेही असते. मग बहुतेक वेळा पोर चोला बदलते. त्याचा क्रमांक तोच राहतो, पण आतला जुना प्रोग्राम पुसून तिथे वेगळाच येतो. या सगळ्यावर इथे बसून, तारेपलीकडच्या यंत्रात, नजर ठेवण्याचे काम डीबगर नावाच्या प्रोग्रामचे. तो प्रोग्राममध्ये हवे तिथे थांबे घालतो. एकाचे दोन झाले की एकाबरोबर राहतो आणि दुसऱ्याला मोकळे सोडतो. दूरच्या यंत्रांसाठी हे सारे कर्टिस अहोने हिवाळाभर बसून लिहिले होते आणि व्हर्ना ते तपासत होती.

तपासनीस म्हणजे काय, हे तिच्या घरी कोणाला नीट समजले नव्हते. तिचा नवरा राइनो खनिजाच्या धक्क्यावर कामाला होता. लोकांनी विचारले की तो सांगे, "आमची व्हर्ना कपबशी विकत घ्यायच्या आधी आपटून बघते." चर्चच्या तळघरात कॉफीला जमलेले सगळे हसत, तीही हसे. राइनो जाऊन आता काही वर्षे झाली होती. पण व्हर्नाला ते वर्णन अजूनही पटत असे. तिने आपटून पाहिलेली कपबशी पुढे कोणाच्या हातात फुटल्याचे तिने कधी ऐकले नव्हते. हे तिने कोणाला बोलून दाखवले नव्हते, पण मनात ते पक्के होते.

दुपारी ती वेलदोड्याच्या पावाचा डबा घेऊन कर्टिसच्या टेबलाशी गेली.

"लाच?" कर्टिस म्हणाला आणि दोन तुकडे उचलले.

"पोराला सोडतोस तेव्हा त्याच्यातले थांबे काढतोस?"

"अगं, काढतो म्हणजे! थांबा घालायचा म्हणजे तिथली मूळ सूचना उचलून सापळाच लावायचा ना. पोर आईची नक्कल, त्यामुळे आईचे सापळे त्याच्यातही येतात. ते न काढता सोडलं तर पहिल्या सापळ्यावर पाय पडून मरेल बिचारं. हे पहिल्या आठवड्यातच लिहिलंय मी."

"पलीकडच्या यंत्रावर ते खरंच निघतात का?"

"नसते निघाले तर नव्या बोर्डांवरही पोरं मेली असती. तिथे एक तरी मेलंय का?"

मुद्दा बिनतोड होता. व्हर्ना पावाचा कण बोटाने टेबलावर फिरवत राहिली. कर्टिस तिच्याकडे पाहत होता.

"नव्या बोर्डावर पोर जन्मल्यावर काय करतं?" तिने हळू विचारले.

"लगेच चोला बदलतं."

"आणि जुनी स्मृती?"

"जाते. सगळी पुस…" कर्टिसचा घास तोंडातच राहिला.

"सापळा राहिला असला, तरी तोही तिच्याबरोबर जातो. मागे काही दिसत नाही."

"थांब, थांब. मग जुना बोर्ड?" तो खुर्चीत पुढे सरकला आणि स्वतःच बोलू लागला. "तो हळू चालतो. बाहेर बोलायचा पोर्ट वेळेवर मोकळा होत नाही. मग पोराला चोला बदलायच्या आधी थोडं थांबावं लागतं. म्हणजे ते वाट पाहायच्या फंक्शनात जातं."

"आणि माझ्या चाचणीतला थांबा तिथेच आहे."

"व्हर्ना," कर्टिस म्हणाला, "तुझा पाव छान असतो, पण तू दुपारची येत जाऊ नकोस गं."

"अजून सिद्ध कुठे झालंय?"

ती जागेवर परत आली. आता बोर्डाच्या मर्जीवर राहायचे नव्हते. तिने नवी चाचणी लिहिली. हिच्यात पोर जन्मले की चोला बदलण्याआधी मुद्दाम वाट पाहायच्या फंक्शनात जाई, पोर्ट मोकळा असो वा नसो. चाचणी छोटीच होती. ती तिने दोनदा वाचली, एक ओळ खोडली आणि मग पॅमला व कर्टिसला बोलावले.

"शेडमधल्या बोर्डावर चालवतेस?" पॅमने विचारले.

"नाही. आपल्याकडच्या सगळ्यात नव्यावर."

तिने कळ दाबली. लाल. पुन्हा दाबली. लाल. पॅमने हात पुढे करून तिसऱ्यांदा स्वतः दाबून पाहिले. तेव्हाही लालच.

"माझ्या तोंडाकडे बघू नका कोणी," कर्टिस म्हणाला. "सापडलं मला. पलीकडच्या यंत्राला सापळे काढ म्हणून सांगतोय मी, पण नाव आईचं देतोय. पोराचे तसेच राहतायत."

पॅम खुर्ची ओढून बसली. "म्हणजे उद्या कोणी चालू पंपावर डीबगर लावला असता…"

"आणि पोर सुटल्यावर त्याला क्षणभर थांबावं लागलं असतं," व्हर्ना म्हणाली, "तर ते मेलं असतं. दुसरा पंप पोरच चालवतं, तो सुरूच झाला नसता."

तिच्या डोळ्यांपुढे लेरॉयच्या टाक्यांतली पिल्ले आली.

पॅम तिच्या खोलीत गेली. दार उघडेच होते. ग्राहकाला तिने फोनवर सांगितलेले बाहेर स्वच्छ ऐकू आले: "नाही, सोमवारी नाही. हो, माहीत आहे मला. आमच्या व्हर्नाने पकडलंय. व्हर्नाने पकडलं की आम्ही थांबतो."

व्हर्नाने मान वर केली नाही. डब्याचे झाकण मात्र तिने दोनदा लावले.

पुढच्या आठवड्यात कर्टिसने दुरुस्ती केली आणि रिवाजाप्रमाणे ती सगळ्यांना वाचता येईल अशी ईमेल-गटावर पाठवली. खाली नेहमीची ओळ होती, 'तपासणी: व्हर्ना कांगास'. त्या ओळीच्या वर आणखी एक ओळ व्हर्नाने आग्रहाने घालायला लावली होती.

"माझं नाव?" लेरॉय फोनवर ओरडला. "मी काय केलं?"

"दोन्ही दिवे हिरवे आहेत म्हणालास. सगळे लाइनला दोष देत होते. तू नसतं सांगितलंस तर मीही दिला असता."

"बायकोला दाखवतो. तिला वाटतं मी शेडमध्ये झोपायलाच जातो."

"लेरॉय, आता तो बोर्ड पाठवून दे."

"का गं? चांगला चाललाय की."

"नवी चाचणी कुठल्याही बोर्डावर चालते. हळू बोर्ड लागत नाही आता. पॅमने विचारलं, मीच हो म्हटलं."

बोर्ड वर्तमानपत्रात गुंडाळून आला. सोबत धुरावलेल्या ट्राउटचे पुडके होते. दोन्हींना एकच वास येत होता. संध्याकाळी सगळे गेल्यावर व्हर्नाने बोर्डावरची धूळ पुसली, त्याला तार जोडली आणि दुरुस्त केलेला डीबगर घेऊन तिची जुनी चाचणी त्याच्यावर एकदा लावली. बोर्डाने आपला वेळ घेतला. तिनेही घाई केली नाही. एकाचे दोन झाले. डीबगर आईपाशी राहिला. पोराला पोर्ट मोकळा मिळाला नाही. ते वाट पाहायच्या फंक्शनात गेले, तिथून सहीसलामत बाहेर आले, चोला बदलून आपल्या कामाला लागले आणि काम झाल्यावर थांबले.

पडद्यावर ओळ आली: प्रक्रिया नीट संपली.

व्हर्नाने ती वाचली. मग तिने तार काढली, दोन्ही हिरवे दिवे विझेपर्यंत बोर्डावर हात तसाच ठेवला आणि तारेची नीट गुंडाळी केली.