दोन रिकाम्या जागा

“वाचता येते ना तुमाले, मावशी? मंग कायले आरडून राह्यल्या?” तहसील कचेरीतले कारकून मधुसूदनबाबू खिडकीतून म्हणाले.

“वाचता येते म्हणूनच आरडून राह्यली. मोठ्यानं वाचा हे. साऱ्या कचेरीले ऐकू येऊ द्या.”

त्यांनी वाचलं नाही. मग मीच ओळीखाली बोट ठेवून वाचलं, ‘मयत कोकिळा यांच्या अपत्याचे पालक म्हणून अक्षय यांची नोंद घेण्यात आली आहे.’

कोकिळा म्हणजे मी. अक्षय माझा लेक. दसऱ्याच्या आधी दुसऱ्याच्या कपाशीवर फवारणी करताना औषध अंगात भिनलं, आणि तो तिसऱ्या दिवशी गेला. त्याची मुलगी मिताली दोन वर्षांची असतानाच तिची आई वारली होती. आता पोरीला यवतमाळच्या वसतिगृहात जागा मिळत होती. दाखला आज पाचच्या आत तिथं द्यायचा होता.

“संगणकाची चूक हाय,” मधुसूदनबाबू म्हणाले. “पुढच्या सोमवारी या.”

“सोमवारी जागा राह्यते का? अन् संगणकाले मेला कोण, जिता कोण, हे नाही समजत. तुमाले तं समजते! सही कोनाची हाय खाली?”

रांगेतले लोक हसले. बाबूंचे कान लाल झाले. त्यांनी आत संगणकावर बसलेल्या पियूषला हाक मारली. कॉलेज सुटून वर्षही झालं नसेल, असा पोरगा. त्यानं मला आत बसवलं आणि पडदा माझ्याकडे वळवला.

“हा दाखल्याचा साचा, आजी. मधात दोन जागा रिकाम्या सोडल्या. पहिलं नाव पहिल्या जागेत पडते, दुसरं दुसऱ्या. आधी साचा इंग्रजीत होता, त्यात पालक पहिले येत होता. मराठी केलं तं मयत पहिले आला. नावं मात्र जुन्याच क्रमानं पडून राह्यली.”

मी जन्मभर खड्ड्याखड्ड्यात बी टाकून कपाशी टोबली आहे. मला समजलं.

“म्हंजे खड्डे एकानं पाडले, बी दुसऱ्यानं टाकलं. कपाशीची ओळ कोनती अन् तुरीचं तास कोनतं, हे त्याले कोनी सांगतलं नाही. अन् मांगून पाहाले कोनीच आलं नाही.”

“तसंच झालं, आजी.”

“किती घरी गेले असे कागद?”

“चाळीसेक,” बाबू मागून म्हणाले. “कोनी काही बोललं नाही. अंगठा लावून घेऊन गेले.”

“चाळीस जिते माणसं मारले तुमी! तेही त्याईच्याच अंगठ्यानं!”

बारा वर्षांपूर्वी मीही अंगठाच लावत होते. पन्नाशी उलटल्यावर साक्षरता वर्गात बसले. घरी अक्षय माझा हात धरून पाटीवर माझी सही गिरवून घ्यायचा. “आता अंगठा बंद, माय,” म्हणायचा. तेव्हापासून त्या अंगठ्याला शाई लागू दिली नव्हती.

पियूषनं दोन्ही जागांतल्या रिकाम्या कंसांत शब्द लिहिले. एकीत ‘मयत’, दुसरीत ‘पालक’.

“आता क्रम कसाही असो, नाव आपल्याच जागेत जाईन.”

“हे पहिले काहून नाही केलं?”

तो साचा जतन करू लागला.

“ते चाळीसही नव्यानं काढ. मी बसली इथंच.”

बाबू कुरकुरले, पण छपाईचं यंत्र चालू झालं. मी एकेक कागद वाचून गठ्ठ्यावर ठेवला. साडेतीनला माझा आला. ‘मयत अक्षय यांच्या अपत्याचे पालक म्हणून कोकिळा...’ सगळं जिथल्या तिथं होतं. खाली छापलं होतं, ‘मजकूर वाचला. बरोबर आहे.’ त्याखाली सहीची जागा.

“घ्या पेन, मावशी. झालं ना आता तुमच्या मनासारखं?”

पेन मी घेतला. सकाळपासून भांडून मी हेच लिहून घेतलं होतं. पेन कागदावर टेकला आणि तिथंच राहिला; अक्षयनं गिरवून घेतलेली सही ‘मयत अक्षय’खाली उतरेना. मग मी तो खाली ठेवला.

“शाईचा पॅड द्या, बाबू.”

“कायले? तुमाले तं लिहिता येते!”

मी डावा अंगठा पुढं केला.